म्हातारीने खांदा धरला

प्रिय ठमाकाकू,

आधी खाली बस. उभ्या उभ्या वाचायचं पत्र नाहीये हे. काल संध्याकाळपासून मला कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय. तुझ्या बाबांना सांगून झालं, जिना झाडणाऱ्या बाईंना सांगून झालं, आणि सकाळी चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी फोन लागला तर त्या गृहस्थांनाही सांगणार होते, पण त्यांनी ठेवून दिला. तुला फोन केला असता, पण आपल्या फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. तू म्हणतेस, 'आई, खरं सांग, कशी आहेस?' मी म्हणते, 'बरी आहे गं.' मग तू गप्प, मी गप्प, आणि शेवटी आपण दोघी हवामानावर बोलतो. कागदावर मला मध्ये कुणी तोडत नाही. शिवाय हे पत्र टपालात पडणार नाही. बाबांच्या ओळखीचा ड्रायव्हर आज दुपारची बस घेऊन तुझ्याकडेच येतोय, त्याच्या हाती देतेय. तुझ्या सोमवारच्या आत ते तुला मिळायला हवं. सोमवार कसला ते मला कुठून कळलं, हे आत्ता विचारू नकोस.

तर ऐक. काल मी पुन्हा डोकं झाले! काल ठरायचं होतं, म्हातारी माझ्याकडे राहणार की कायमची डाव्याकडे जाणार. तुला एवढ्यावर कळलं, पण तू हे खोलीतल्या मैत्रिणींना वाचून दाखवणार (दाखवतेसच, मला ठाऊक आहे), म्हणून त्यांच्यासाठी नीट सांगते. मुलींनो, आमच्या बाहुल्यांना दोऱ्या नसतात. लहान मुलाएवढी एक बाहुली, आमची ही म्हातारी तशीच, आणि तिला चालवायला तीन माणसं. एकाकडे तिचं डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. आम्ही काळे कपडे आणि तोंडावर काळा बुरखा घालून तिच्या मागेच उभे असतो, प्रेक्षकांना चक्क दिसतो, पण बाहुली नीट चालली की आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आता तिघांनी एका वेळी पाऊल कसं उचलायचं? खुणा नाहीत, आकडे मोजणं नाही, कुजबुज तर नाहीच नाही. डोकं श्वास घेतं आणि बाकीचे दोघं त्या श्वासावर चालतात. मी श्वास आत घेतला की म्हातारी उठणार, सोडला की बसणार. सांगायला एवढंच, आणि अंगात भिनायला निम्मं आयुष्य जातं. आमच्यात हाकाही तशाच मारतात. मी डोकं, माझ्या शेजारचा उंच, अबोल माणूस म्हणजे डावा, आणि खाली वाकून काम करणारी माझी मैत्रीण म्हणजे पाय. 'डोकं चहाला येतंय का?' असं कुणी विचारलं तर आमच्याकडे कुणाला हसू येत नाही. घरातलं डोकं कोण ते तर केव्हाच ठरलंय, असं बाबा पाहुण्यांना सांगतात आणि पाहुणे त्यांच्याकडे सहानुभूतीने बघतात.

म्हातारीचं लाकडी डोकं डाव्या हातावर तोलायचं असतं. त्याच खांद्यात माझं दुखायला लागलं, मानेपासून कोपरापर्यंत. पडले नाही, आपटले नाही, जड काही उचललं नाही. एका साध्या सकाळी उठले तर दुखत होतं, आणि ते मुक्कामालाच आलं. मग फोटो झाले, उभे, आडवे, त्या घरघरणाऱ्या बोगद्यात झोपवून काढलेले. डॉक्टर प्रत्येक वेळी खूश! 'काही नाही, सगळं नॉर्मल आहे.' एक तर म्हणाले, 'या वयात इतका देखणा मणका बघायला मिळत नाही.' अख्ख्या आयुष्यात माझ्या रूपाची जाहीर तारीफ झाली ती अशी. दवाखान्यातून मी दरवेळी मान खाली घालून बाहेर पडायचे, नापास झालेल्या मुलीसारखी. काहीतरी निघावं असं मनोमन वाटायचं मला. लहानसं का होईना, पण बोट ठेवून दाखवता येईल असं. आजार निघावा म्हणून हळहळणारी बाई मीच असेन, असं तेव्हा वाटायचं. आता कळलंय की अशा पुष्कळ आहेत.

आणि इकडे तुझ्या बाबांचा गुडघा! इतकी वर्षं बसचा ब्रेक दाबून झिजलेला, मान्य आहे. पण त्याचा फोटो किती स्पष्ट आलाय! खिडकीच्या काचेला लावून शेजाऱ्यांना दाखवतात, 'हे बघा, इथे घासलंय.' लगेच शेजारी खुर्ची पुढे करतात. माझा फोटो काचेला लावला तर म्हणतील, वा, छान आलाय! मावशीने मला प्रेमाने सांगितलं, 'मनाला लावून घेतेस तू सगळं.' शेजारीण म्हणाली, 'चेहऱ्यावर तर काही दिसत नाही बाई.' मी केस विंचरून, लिपस्टिक लावून गेले तर म्हणायचे बरी दिसतेस, आणि न विंचरता गेले तर म्हणायचे स्वतःकडे लक्ष दे जरा. एकटी तू होतीस, जिने काही म्हटलं नाही. आठवतंय ना? मला पालथं झोपवलंस आणि निळं स्केचपेन घेऊन म्हणालीस, 'जिथे दुखतंय तिथे थांब म्हण.' मानेपासून दंडापर्यंत नदी काढल्यासारखी रेघ काढलीस, आणि दुसऱ्या दिवशी मला तशीच डॉक्टरांसमोर नेऊन बसवलंस. 'तुमच्या मशीनमध्ये आलं नसेल, म्हणून मी काढून आणलंय.' डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! त्या दिवसापासून तू माझी ठमाकाकू, आणि मी तुझ्या हाताखालची.

मागच्या वर्षीच्या त्या खेळाबद्दल मी तुला कधी धड सांगितलं नाही. दुखायला लागलं की मी श्वास धरायचे. कुणाला कळू नये म्हणून नुसता गिळून टाकायचे. घरात ते खपून जायचं. पण रंगमंचावर माझा श्वास एकटीचा कुठे असतो? म्हातारी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी निघाली होती, मधोमध आली, आणि माझ्या खांद्यात कळ आली. मी श्वास धरला. डावा थांबला, पाय थांबली. ते दोघं बिचारे श्वासाची वाट बघताहेत, आणि मी तो सोडायलाच तयार नाही! म्हातारी एक पाय उचलून तशीच लटकलेली. मग पुढच्या रांगेतलं एक पोर मोठ्याने ओरडलं, 'आजी मेली!' आणि त्याने असं भोकाड पसरलं की पडदाच टाकावा लागला. पाय धावत आली, 'अगं झालं काय? गेलीस कुठे तू?' मी म्हटलं, काही नाही. रिपोर्टमध्येही काही नाही आणि माझ्या तोंडातही काही नाही, मग तिने तरी काय समजायचं? माझं लक्ष उडालंय, असं सगळ्यांनी ठरवलं. बाईंनी, म्हणजे आमच्या दिग्दर्शिकेने, डोकं डाव्याकडे दिलं आणि मी मागच्या खोलीत बाहुल्यांच्या कपड्यांना बटणं लावत बसले. तुला फोनवर म्हणाले, जरा वेगळं काम करून बघतेय.

तिथून मला बाहेर काढलं एका व्यायामवालीने, म्हणजे फिजिओथेरपिस्ट बाईने. चपलांच्या दुकानावर तिची खोली आहे, आवाज असा की खालचं गिऱ्हाईक दचकावं. ही पहिली बाई, जिने माझी फोटोंची पिशवीभर पाकिटं बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, 'काय काय करायचं सोडून दिलंत?' मी सांगत गेले आणि ती ऐकत गेली. फोटो शेवटी बघितले आणि म्हणाली, 'उत्तम. म्हणजे काही तुटलेलं-फाटलेलं नाही, आपल्याला बिनधास्त हलवता येईल.' तेच फोटो, तेच नॉर्मल, आणि पहिल्यांदाच ते मला चांगल्या बातमीसारखं ऐकू आलं! मी घाबरत घाबरत विचारलं, मग हे माझ्या मनाचे खेळ आहेत का? ती म्हणाली, 'दाराची घंटा बिघडली की वाऱ्यानेसुद्धा वाजते. बाहेर कुणी नसतं, पण घंटा तर खरीच वाजत असते ना? तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे.' मी तिथे जे रडले म्हणतेस! तिने रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून व्यायामाचा मोठा टॉवेलच हातात दिला. ही घंटा बंद करून देईन असं तिने कबूल केलं नाही. ती वाजत असताना जगता कसं येईल ते बघू, एवढंच म्हणाली. आणि मग माझा हात वर करता करता एकदम थांबून तिने विचारलं, 'तुम्ही श्वास का धरता हो?' मला हसूच फुटलं. ज्या बाईचा धंदाच श्वासाचा, तिला हे दुसऱ्या कुणी विचारावं!

त्यानंतरचे महिने काही फार थोर नव्हते, उगाच सजवून सांगत नाही. मला सगळ्यात कठीण काय गेलं असेल तर बऱ्या दिवशी थांबणं. बरं वाटलं रे वाटलं की मी पदर खोचून सगळ्या घराचे पडदे धुवायला काढायचे आणि मग पुढचे दिवस पलंगावर आडवी. आता हात चालत असतानाच थांबायचं, बरं वाटत असताना बसायचं. तुझ्या आईला हे शिकवणं म्हणजे काय असेल याची कल्पना कर. बाबा पाळतीवर असायचे. मी स्टूल ओढलं की आतून आवाज, 'पडद्यांना हात लावू नकोस!' पण हळूहळू मी रिकाम्या हाताने म्हातारी चालवायला लागले, मग उशी घेऊन, मग एक दिवस तडक बाईंकडे गेले. म्हटलं, मला डोकं परत हवंय. रोज नाही जमणार, आठवड्यातले मोजके खेळ करीन, मध्ये विश्रांती लागेल, आणि डोकं आतून कोरून हलकं करून पाहिजे. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना आडपडदा माहीत नाही. म्हणाल्या, 'करून देते. पण चाचणीच्या खेळाला म्हातारी पुन्हा गोठली, तर डोकं कायमचं डाव्याकडे. मला वाईट वाटेल, पण मी ते करीन.'

तो चाचणीचा खेळ काल होता. सभागृह भरलेलं. पडदा उघडायच्या आधी मी डाव्याला आणि पायला कोपऱ्यात घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मला दुखतं. खेळातही दुखेल. दुखलं की मी श्वास धरणार नाही, सोडून देईन, आणि म्हातारी जिकडे जाईल तिकडे तुम्ही या. डाव्याने विचारलं, 'कुठे जायचंय?' मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, 'बरं.' एवढंच! पायने मात्र माझ्या दंडावर एक चापटी मारली, उजव्या दंडावर, बघून मारली, आणि म्हणाली, 'हे वर्षापूर्वी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं गं?' तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढ्यात सभागृहातले दिवे गेले.

सुरुवात छान झाली. म्हातारी खुर्चीवरून उठली, निघाली, आणि नेमकी मधोमध आल्यावर खांद्यापासून कोपरापर्यंत ती कळ आली, तापलेली तार ओढल्यासारखी. श्वास सवयीने अडलाच होता, आणि मी तो सोडला. मोठा, चांगला ऐकू जाईल असा! म्हातारीचे खांदे खाली आले. तिचा उजवा हात वर गेला आणि तिने आपला डावा खांदा धरला. मी नेला नाही गं तो हात, शप्पथ. माझ्याच मुठीत होता, पण गेला तो आपला आपण. त्याच क्षणी डाव्याने तिचा दुसरा हात आधार शोधत टेबलाच्या कडेवर टेकवला आणि खाली पायने तिचे गुडघे वाकवले, अगदी थोडे. म्हातारी उभी राहिली, खांदा धरून, श्वास घेत. दुसऱ्या रांगेतल्या एका जाड्या बाईंनी नकळत स्वतःच्या खांद्यावर हात ठेवला, मी बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, 'माझी आई अश्शीच करते.' मग म्हातारीने मान उडवली, चल बाई, खिडकी काही इकडे येणार नाही, अशी, आणि निघाली! उजवा हात खांद्यावरच होता, म्हणून खिडकीचा पडदा बाजूला करायला हात उरला तो डाव्याचा. इतकी वर्षं तो पडदा मी उघडत आले. काल त्याने उघडला, आणि असा अलगद उघडला की प्रवेश चालू असताना टाळ्या पडल्या. अगं, टाळ्या! मला तेव्हा दुखायचं थांबलं होतं का? मुळीच नाही. चांगलं सणकून दुखत होतं आणि मी त्या काळ्या बुरख्याआड वेड्यासारखी हसत होते.

खेळ संपल्यावर बाई तरातरा विंगेत आल्या. 'ते खांद्याचं कुणी बसवलं?' आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो, शाळेत पकडले गेल्यासारखे. डावा म्हणाला, 'कुणी नाही, आलं.' बाई म्हणाल्या, 'ठेवा ते. पण रोज त्याच जागी नको, येईल तिथे येऊ दे.' मी विचारलं, 'आणि म्हातारी?' तर माझ्यावरच खेकसल्या, 'तुमच्याशिवाय कुणाला येणार आहे ती?' मी त्यांना मिठी मारली. डाव्या हाताने मारायला गेले आणि जोरात ओरडले, मग उजव्या हाताने मारली.

आता आजची सकाळ, तीही जशीच्या तशी. खांदा ठणकतोय. गरम पाण्याची पिशवी लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय आणि मध्ये मध्ये पेन खाली ठेवतेय. हात कानाच्या वर जात नाही, म्हणून केस बाबांनी विंचरले आणि पार्सल बांधावं तसा अंबाडा बांधला. आज मी काही काम करणार नाही, उद्या थोडं फिरेन, परवा पुन्हा खेळ. काही दिवस फार वाईट जातात. कधी न्हाणीघरात नळ सोडून रडते, कधी बाबांच्या गुडघ्यावर उगाच चिडते. हे दुखणं जाईल असं मला आता वाटत नाही. गेलं तर पेढे वाटू, नाही गेलं तरी परवा खेळ आहे.

तू म्हणशील, आज आईने एवढं सगळं कसं काय सांगून टाकलं. ठमे, सकाळी केस विंचरताना बाबा बोलून गेले. त्यांच्या पोटात काही राहत नाही हे माहीत असून तू त्यांनाच शपथ घातलीस, हा तुझाच अडाणीपणा. जहाजाच्या कंपनीने तुला इंजिनवर घेतलंय, सोमवारी उत्तर द्यायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस. इथल्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये लागणार आहेस म्हणे, आईजवळ कुणीतरी हवं म्हणून. हे ऐकून मी 'बरी आहे, काळजी करू नकोस' असं लिहिलं असतं, तर तू पहिल्या बसने सामान घेऊन दारात उभी राहिली असतीस, कारण माझ्या 'बरी आहे'वर तुझा विश्वास नाही आणि तो नसावाच. म्हणून जे लपवत आले ते सगळं लिहिलं, रडण्यासकट. मला दुखतं, हे तू खरं मानलंस. आता मला जमतं, हेही खरं मान. माझ्याजवळ माणसं आहेत, मी त्यांना सांगायला शिकलेय, आणि परवा मला कामावर जायचंय. सोमवारी त्यांना 'येते' म्हणून कळव. दुखणं मला पेलतं गं. माझ्यामुळे तू किनाऱ्यावर राहिलीस, हे नाही पेलणार.

तुझीच,
अंबाडा वाकडा असलेली, पण आज फार फार खूश असलेली
आई